डेस्कटॉप ८०० मेगाहर्ट्झवर अडकतोय: माझ्या नोंदी (अकोला, एप्रिल-मे २०२४)

१३ एप्रिल, शनिवार

वाचनालयाच्या जुन्या दिवाळी अंकांचं ओसीआर (स्कॅन केलेल्या पानांवरची अक्षरं ओळखून टाइप मजकूर करणं) चालू आहे माझ्याकडे, ते काम अचानक गोगलगाय झालंय. फेब्रुवारीत शंभर पानांची एक बॅच साडेतीन मिनिटांत व्हायची (टेसरॅक्ट नावाचा ओसीआर प्रोग्राम, मराठी डेटा, चार पानं एका वेळी, प्रत्येक पानाला प्रोसेसरचा एक कोर), आज त्याच शंभर पानांना पावणेचौदा मिनिटं लागली. पहिल्यांदा वाटलं स्कॅन मोठे घेतले असतील, ३०० ऐवजी ६०० डीपीआय वगैरे, पण नाही, फेब्रुवारीचंच फोल्डर परत चालवलं तरी तेच.

मशीन लिहून ठेवतो म्हणजे नंतर शोधायला नको. प्रोसेसर इंटेल आय-फाइव्ह ४५९०, चार कोर चार थ्रेड, बेस (नेहमीचा वेग) ३.३ आणि टर्बो (जास्तीत जास्त) ३.७ गिगाहर्ट्झ. एच-८१ चिपसेटचा साधा बोर्ड, १६ जीबी रॅम, सॅटा एसएसडी. २०१५ पासून घरात आहे आणि आजपर्यंत एक पैशाची तक्रार नाही.

अलीकडे दोनच बदल केलेत. होळीच्या सुट्टीत उन्हाळा येतोय म्हणून प्रोसेसरवरचा सोबत आलेला चपटा पंखा काढून टॉवर कूलर बसवला. आणि पाडव्याला डेबियन लिनक्स १० वरून ११ आणि ११ वरून १२ असं एका बैठकीत अपग्रेड केलं कारण १० चा सपोर्ट जूनमध्ये संपतोय. कूलरचा तर काही प्रश्नच नाही, टेम्परेचर इतकं कमी कधीच नव्हतं. म्हणजे अपग्रेडच. उद्या बघू.

१४ एप्रिल, रविवार

जयंतीची मिरवणूक दुपारपासून, डीजेने खिडक्या थरथरतायत, डोकं चालवायला आजचा दिवस नाही, तरी थोडं बसलो.

एचटॉपमध्ये (चालू कामं आणि प्रोसेसरवरचा भार दाखवणारा प्रोग्राम) फ्रिक्वेन्सी दाखवायचा पर्याय चालू केला तर चारही कोर १००% आणि चारही समोर ८००. एलएससीपीयू ही कमांड म्हणते कमाल ३७००, किमान ८००, स्केलिंग २२%. हिशोब बरोबर बसतो, ८०० भागिले ३७०० म्हणजे २२ टक्केच. आणि चारही कोर कामात असताना मिळणाऱ्या ३.५ च्या जागी ०.८ म्हणजे चारपटीहून हळू, साडेतीन मिनिटांचे पावणेचौदा साधारण तिथूनच आले. म्हणजे टेसरॅक्ट निर्दोष, डिस्क निर्दोष, प्रोसेसर पहिल्या गियरमध्ये अडकलाय. या चिपला १०० मेगाहर्ट्झचा ठोका आणि त्याला गुणक, सगळ्यात खालचा गुणक ८, तोच धरून बसलाय.

गव्हर्नर, म्हणजे प्रोसेसरने कधी किती वेगाने पळायचं हे ठरवणारं सेटिंग, बघितला, पॉवरसेव्ह. आधी दचकलो, पण मग आठवलं की इंटेलच्या ड्रायव्हरवर पॉवरसेव्ह हे नुसतं नाव आहे, लोड आला की तो आपोआप वर जातो, हे मी इतक्या ठिकाणी वाचलंय आणि चार जणांना स्वतः सांगितलंय सुद्धा. शिवाय जुन्या डेबियनवर पण हेच होतं आणि मशीन पळत होतं. ते सोडून दिलं.

टर्बो बंद आहे का, नाही. कमाल परफॉर्मन्स टक्केवारी १००. स्केलिंगची वरची मर्यादा ३७ लाख किलोहर्ट्झ, म्हणजे बरोबर. कागदावर सगळं ठीक आहे आणि गाडी जागची हलत नाही.

१५ एप्रिल, सोमवार

ऑफिसवरून आल्यावर दीड तास. ग्रबमध्ये (लिनक्सचा बूट मेनू) इंटेल पीस्टेट, म्हणजे वेग सांभाळणारा इंटेलचा ड्रायव्हर, डिसेबल करून बूट केलं, म्हणजे जुना एसीपीआय वाला ड्रायव्हर लागतो. लागला. तरीही ८००. आता मला खात्रीच झाली की हे सॉफ्टवेअरचं नाही, दोन वेगळे ड्रायव्हर आणि रिझल्ट एकच म्हणजे खाली हार्डवेअरमध्येच काहीतरी.

(ही नोंद नंतर वाचणाऱ्या मला: इथे तू चुकलास. ड्रायव्हर बदलला पण गव्हर्नर बघितलाच नाहीस.)

१६ एप्रिल, मंगळवार

हार्डवेअरच्या मागे लागलो. बायोसमध्ये (बोर्डाची स्वतःची सेटिंग) वेग आणि वीज वरखाली करणाऱ्या सोयी बघितल्या: स्पीडस्टेप चालू, टर्बो चालू, सी-स्टेट चालू. डिफॉल्ट लोड करून पाहिलं. बोर्डावरचा सेल नऊ वर्षांचा होता, तो बदलला, चाळीस रुपये. रॅम काढून खोडरबराने पुसून परत लावली, हे आपल्याकडे कशावरही करतात, सर्दीवर सुद्धा करतील. टॉवर कूलर उतरवून प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट नव्याने लावली. फुल लोडवर ३६ डिग्री! अर्थात ८०० वर चालणारा प्रोसेसर तापणार तरी कशाने.

आई म्हणे, "त्या डब्याले कूलर लाव ना मंग, आपल्यापेक्षा त्यालेच उकडून राह्यलं वाट्टे." लावलाय म्हटलं. तिला वाटलं मी बैठकीतला पाण्याचा कूलर तिकडे फिरवला, त्यावरून अर्धा तास.

१७ एप्रिल, बुधवार (रामनवमी, सुट्टी)

सापडलं. आणि लाज वाटावी असं सापडलं.

सीपीयूपॉवर या कमांडने दिलेली माहिती शांतपणे एकेक ओळ वाचली. ड्रायव्हरच्या नावासमोर मी इंटेल पीस्टेट असं गृहीत धरून बसलो होतो, तिथे लिहिलंय इंटेल सीपीयूफ्रेक. पीस्टेटच्या फोल्डरमध्ये स्टेटस नावाची फाइल आहे तिच्यात: पॅसिव्ह.

इथे जरा सविस्तर लिहितो कारण हे मला माहीत आहे असं मला वाटत होतं. इंटेलचा हा ड्रायव्हर दोन पद्धतीने चालतो. ॲक्टिव्ह पद्धतीत किती वेगाने पळायचं हे ड्रायव्हर स्वतः ठरवतो, त्यात दोनच गव्हर्नर दिसतात, परफॉर्मन्स आणि पॉवरसेव्ह, आणि यातला पॉवरसेव्ह म्हणजे लोड बघून वरखाली करणारा, रोजच्या वापराला एकदम चांगला. पॅसिव्ह पद्धतीत ड्रायव्हर नुसता हमाल, ठरवणारे कर्नलचे (लिनक्सचा गाभा) सगळ्यांसाठीचे गव्हर्नर, ऑनडिमांड, कन्झर्व्हेटिव्ह, स्केडयुटिल वगैरे, आणि त्यांच्यातही एक पॉवरसेव्ह आहे, पण हा पॉवरसेव्ह शब्दशः पॉवरसेव्ह, कायम सगळ्यात खालची फ्रिक्वेन्सी मागतो, लोड असो नसो. नाव एक, माणसं दोन.

डेबियन १० च्या ४.१९ कर्नलवर माझा प्रोसेसर ॲक्टिव्हमध्ये चालायचा. मधल्या काळात कर्नलवाल्यांनी ठरवलं की ज्या चिपमध्ये हार्डवेअर स्वतः वेग ठरवत नाही (ती सोय इंटेलच्या स्कायलेक पिढीपासून आली, माझा प्रोसेसर हॅसवेल, त्याच्या आधीच्या पिढीतला) तिथे डिफॉल्ट पॅसिव्ह. डेबियन १२ च्या ६.१ मध्ये तेच लागलं. मी बदललो नाही, सेटिंग बदललं नाही, सेटिंगचा अर्थ बदलला. आणि परवा एसीपीआय ड्रायव्हर लावला तेव्हाही हाच पॉवरसेव्ह तिथे बसलेला, म्हणून ८००.

गव्हर्नर स्केडयुटिल केला, एका सेकंदात चारही कोर ३५००. (३.७ फक्त मोजकेच कोर कामात असतील तर मिळतो, चारही कामाला लागले की ३.५, हे नॉर्मल आहे.) परवा दहा सेकंद खर्च करून परफॉर्मन्स लावून बघितलं असतं तर सेल, खोडरबर, पेस्ट काहीच करावं लागलं नसतं, पण मला माहीत होतं ना!

रीबूट केलं. परत पॉवरसेव्ह, परत ८००. म्हणजे कोणीतरी बूटच्या वेळी लावतंय. सेटिंगच्या फाइली असतात त्या ईटीसी फोल्डरमध्ये पॉवरसेव्ह शब्द शोधला, बूटच्या वेळी गव्हर्नर लावणाऱ्या सीपीयूफ्रेकयुटिल्स पॅकेजच्या डिफॉल्ट फाइलमध्ये मिळाला, आणि वरच्या ओळीत माझ्याच हातची कॉमेंट, "बिल कमी, जुलै २०२०". लॉकडाऊनमध्ये घरात तीन मशीनं दिवसभर चालू होती आणि तेव्हाचं ते तीन महिन्यांचं एकत्र लाईट बिल बघून बाबांनी जे ऐकवलं होतं त्यानंतर लावलेलं दिसतंय. चार वर्षं त्या ओळीने काहीही केलं नाही, ना बिल कमी ना वेग कमी. पाडव्याच्या दिवशी कामाला लागली.

पॅकेज काढून टाकलं. रीबूट, स्केडयुटिल, शंभर पानं ३ मिनिटं २७ सेकंद.

२१ एप्रिल, रविवार

चार दिवस व्यवस्थित. छोट्या छोट्या बॅच, दोनशे-तीनशे पानं. मॅटर क्लोज.

२७ एप्रिल, शनिवार

मॅटर क्लोज नाही.

काल मतदानाची सुट्टी होती, सकाळी सातलाच जाऊन मत टाकून आलो आणि मोठी बॅच लावायची ठरवली, १९७० च्या दशकातले अंक, चौदाशे पानं. हिशोबाने अठ्ठेचाळीस मिनिटं. दुपारी एकला लावून जेवून झोपलो, उठून लॉग बघितला तर एक तास दहा मिनिटं लागलेली.

पहिला संशय अर्थातच पॉवरसेव्ह परत आला का. नाही, स्केडयुटिलच आहे. आज दुपारी परत लावलं आणि समोर बसून राहिलो. पहिली सहा-सात मिनिटं ३५००, मग एकदम चारही कोर एकाच क्षणी ८००. साधारण सव्वा मिनिट तसंच. मग कोणी हात न लावता परत ३५००, दीड मिनिट पळतं, परत ८००. हृदयाचा ग्राफ काढावा तसं. मागच्या आठवड्यात दिसलं नाही कारण तीनशे पानांच्या बॅच दहा मिनिटांत संपतात, आणि त्या मी रात्री लावत होतो.

आकडा तोच ८००, म्हणून आधीचाच आजार उलटला असं वाटत होतं, पण चाल वेगळी आहे. आधी कायम झोपलेलं होतं, हे मध्येच चक्कर येऊन पडतंय.

२८ एप्रिल, रविवार

पहाटे साडेपाचला उठून तीच चौदाशे पानं लावली. ४८ मिनिटं, एकदाही पडलं नाही. दुपारी दोनला परत, बाहेर चव्वेचाळीसच्या आसपास, खोलीतला थर्मामीटर ३९ दाखवतोय: पुन्हा एक तास नऊ मिनिटं. म्हणजे उष्णतेचं आहे हे नक्की.

पण मग गंमत अशी की प्रोसेसर तापलेलाच नाही. सेन्सर्समध्ये चारही कोर ५५ ते ६१ च्या मधे, या चिपला शंभरच्या जवळ गेल्याशिवाय काही होत नाही. कर्नल प्रत्येक कोरसाठी थर्मल थ्रॉटलचा, म्हणजे तापल्यामुळे वेग किती वेळा उतरला त्याचा, काउंटर ठेवतो, तो चारही कोरला शून्य. घामाने निथळलेला माणूस आणि थर्मामीटरवर ताप नाही.

थर्मल डीमन (तापमान बघून वेग उतरवणारा प्रोग्राम) वगैरे काही इन्स्टॉल आहे का बघितलं, नाही. आता यावेळी गृहीत काही धरायचं नाही असं ठरवलंय, त्यामुळे गव्हर्नर दहा सेकंद परफॉर्मन्स करून सुद्धा बघितला, पडायचं तेव्हा पडतंच.

१ मे, बुधवार

महाराष्ट्र दिन, सुट्टी. टर्बोस्टॅट चालवला (डेबियनमध्ये सीपीयूपॉवरच्याच पॅकेजमध्ये येतो, वेगळा शोधत बसू नका, रूटने म्हणजे ॲडमिनच्या हक्काने चालवावा लागतो). हे साधन मी आधीच वापरायला हवं होतं, कारण हे मागितलेली फ्रिक्वेन्सी दाखवत नाही, चिपमधल्या मोजणाऱ्या रजिस्टरवरून खरंच किती वेगाने चाललं ते काढतं, आणि शेजारी वॅट पण देतं.

पाच-पाच सेकंदांनी फाइलमध्ये घेतलं. पळताना: ३४९० च्या आसपास, पॅकेज (म्हणजे पूर्ण प्रोसेसर) ४६ वॅट, ६० डिग्री. पडल्यावर: ७९८, पॅकेज ९ वॅट, टेम्परेचर वीस सेकंदात ४३. सुरुवातीला टर्बोस्टॅट एक लांबलचक मजकूर ओततो, तो मी नेहमी वर सरकवून टाकतो, आज वाचला. त्यात एक ओळ असते, प्रोसेसरला वेग कमी करायला कोणी लावलं त्याच्या कारणांची, एक यादी आत्ता चालू असलेल्या कारणांची आणि दुसरी आतापर्यंत नोंद झालेल्यांची. नोंद झालेल्यांमध्ये: प्रॉकहॉट. मशीन पडलेलं असताना टर्बोस्टॅट बंद करून परत चालू केला, आता चालू कारणातही प्रॉकहॉट.

प्रॉकहॉट म्हणजे प्रोसेसर हॉट, चिपची एक पिन. नावावरून वाटतं की प्रोसेसर तापला की ती ओरडते, तसं होतंच, पण ती दुतर्फा आहे. बोर्डावरचा दुसरा कोणीही ती पिन खाली ओढू शकतो आणि प्रोसेसर निमूटपणे किमान वेगावर येतो, स्वतः थंडगार असला तरी. त्यामुळेच थ्रॉटल काउंटर शून्य, तो स्वतःच्या तापाचे मोजतो, दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबलेले नाही.

म्हणजे प्रश्न बदलला. प्रोसेसर का तापतो हा नाहीच, पिन कोण ओढतंय हा आहे.

नेटवर याचा एक सर्रास उपाय आहे, चिपमधल्या १एफसी नंबरच्या रजिस्टरचा शेवटचा बिट शून्य करा, की प्रोसेसर बाहेरच्याचं ऐकणं बंद करतो. लॅपटॉपवाले करतात, तिथे बऱ्याचदा चार्जर ओळखला जात नाही म्हणून ही पिन ओढली जाते, तेव्हा ठीक असेल. वाचून बघितला, बिट १ आहे. दोन मिनिटं हात शिवशिवले, पण बदलला नाही. कोण ओरडतंय ते कळल्याशिवाय कानात बोळे घालायचे नाहीत.

४ मे, शनिवार

इनव्हर्टर रिपेअरवाल्या मित्राला बोलावलं. त्याला कर्नल-बिर्नल काही माहीत नाही, आणि तेच बरं झालं. साइड पॅनल उघडून बॅच चालू केली, तो सात मिनिटं नुसता बघत बसला, पडलं तसं बोट टॉवर कूलरच्या डाव्या बाजूला नेलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"अबे पाह्य ना इथं! हे मॉसफेट भाजून राह्यले, अन् तू प्रोसेसरची नाडी पाहून राह्यला."

प्रोसेसरच्या सॉकेटच्या कडेला व्हीआरएम (व्होल्टेज रेग्युलेटर) असतो, एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) १२ व्होल्टचे प्रोसेसरला लागणारे कमी व्होल्ट करणारे मॉसफेट, चोक, कॅपॅसिटर. माझ्या बोर्डावर मॉसफेटवर हिटसिंक (उष्णता पसरवणाऱ्या धातूच्या पट्ट्या) नाही, उघडेच आहेत. आणि त्याचा कंट्रोलर तापला की "मी तापलो" अशी एक लाइन ओढतो, ती थेट प्रॉकहॉटला जोडलेली असते, हे इंटेलच्या डिझाइनमध्येच आहे, म्हणजे बोर्डाने काही आगाऊपणा केलेला नाही, जे करायला हवं तेच करतोय.

पण मग नऊ उन्हाळे काढले तेव्हा का नाही तापला? मित्राने एकच प्रश्न विचारला, पहिले इथं पंखा कोणता होता. आणि मी कपाळावर हात मारला. कंपनीचा चपटा पंखा वरून खाली हवा मारतो, ती हवा प्रोसेसरवरच्या हिटसिंकच्या पट्ट्यांमधून निघून चारही बाजूंना बोर्डावर पसरते, मॉसफेटवरून जाते. टॉवर कूलर हवा आडवी नेतो, समोरून मागे, बोर्डापासून दोन बोटं वरून. प्रोसेसर ८० वरून ६० वर आला म्हणून मी खूश, आणि खाली मॉसफेटला वारा शिवत नाही. त्यात माझ्या कॅबिनेटला मागचा एकच पंखा, समोरून काहीच नाही.

त्याच्या मल्टिमीटरला टेम्परेचरची वायर आहे, ती मॉसफेटच्या पाठीवर टेपने चिकटवली. वाढत वाढत १०८ ला गेलं की धाडकन ८००, उतरत उतरत ९१-९२ ला आलं की परत ३५००. चार वेळा बघितलं, चारही वेळा डिग्री-दोन डिग्रीच्या फरकाने तेच. (कंट्रोलरचा स्वतःचा सेन्सर वेगळ्या जागी असणार, त्यामुळे हे आकडे माझ्या टेपच्या जागेचे आहेत, बोर्डाची खरी मर्यादा म्हणून कोणी धरू नये.)

मग बैठकीतला टेबल फॅन आणून उघड्या बाजूला लावला. पंधरा मिनिटं, ७१ च्या वर गेलंच नाही, एकदाही पडलं नाही. फॅन बंद, पाच मिनिटांत पडलं. फॅन चालू, सावरलं. मित्र चहा पिऊन गेला, पैसे घेतले नाहीत, पण जाताना म्हणाला की तुझं इतकं मोठं कॉम्प्युटर अन् दुखणं माझ्या इनव्हर्टरचंच निघालं.

५ मे, रविवार

जुना पंखा परत लावावा म्हटलं, फुकटात काम होईल. पण पुश पिन, पंखा बोर्डात अडकवणाऱ्या खुंट्या. चारपैकी एक होळीला काढतानाच तुटली होती, दुसरी आज लावताना गेली. दोन पिनांवर पंखा लावून मी झोपू शकत नाही. परत टॉवर, परत पेस्ट. होळीपासून पेस्ट लावायची ही तिसरी वेळ, ट्यूब संपत आली.

पंखा मिळेपर्यंत काम थांबवायचं नाही म्हणून कमाल फ्रिक्वेन्सी २.८ वर बांधून टाकली, सीपीयूपॉवरने एका ओळीत होतं. आणि इथे एक गोष्ट बघण्यासारखी झाली. दुपारची तीच चौदाशे पानं बरोब्बर एका तासात झाली. म्हणजे मोकळं सोडलेलं मशीन ३.५ आणि ८०० च्या मधे धडपडत सत्तर मिनिटं घेतं आणि २.८ ला दावणीला बांधलेलं साठ मिनिटांत घरी येतं. वॅट ४६ वरून ३१, फ्रिक्वेन्सी फक्त वीस टक्के कमी आणि वीज तेहतीस टक्के कमी, कारण फ्रिक्वेन्सी उतरली की व्होल्टेजही उतरतं आणि व्होल्टेजचा हिशोब वर्गाने लागतो. मॉसफेट ९४ ला स्थिर.

बिल कमी करायचं तर २०२० मध्ये हे करायला हवं होतं. असो.

८ मे, बुधवार

टिळक रोडवरून ८० मिलिमीटरचा पंखा आणला, एकशे ऐंशी रुपये. दुकानदाराला सांगितलं मॉसफेटवर लावायचाय तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बकरीसाठी चप्पल मागतोय. १२० चा घे, २०० चा घे, रंगीत दिव्यांचा आरजीबी घे असं चाललं होतं त्याचं. नको बाबा.

रात्री लावणार होतो पण लाईन गेली, ती साडेअकराला आली.

११ मे, शनिवार

पंखा बसवला. स्क्रूला जागा नाही त्यामुळे केबल टाय, दोन टॉवर कूलरच्या पाइपला आणि एक मागच्या जाळीला, साधारण तिरका, मॉसफेटवर फुंकर मारेल असा. दिसायला अगदी गावठी आहे. पहिल्यांदा बोर्डाच्या सिस्टिम फॅनच्या पिनला जोडला तर फिरतच नव्हता धड, कारण बायोस प्रोसेसरचं टेम्परेचर बघून त्याचा वेग ठरवतो आणि प्रोसेसर तर साठला थंड, म्हणून याला फिरायची गरज नाही असं त्याचं म्हणणं. परत तीच गोष्ट, सगळे प्रोसेसरलाच विचारतात. बायोसमध्ये त्या पिनला फुल स्पीड करून टाकलं. थोडा आवाज आहे, घरातल्या कूलरच्या आवाजात ऐकू येत नाही.

२.८ ची दोरी सोडली. दुपारी अडीच, खोली ४०. चौदाशे पानं, ४९ मिनिटं. मॉसफेट जास्तीत जास्त ७६. टर्बोस्टॅटच्या फाइलमध्ये ३४८० च्या खाली एकही ओळ नाही, नवीन बूटनंतर नोंद झालेल्या कारणांत प्रॉकहॉट नाही.

१२ मे, रविवार

मशीन बंद करण्याआधी साइड पॅनलच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला, स्केचपेनने: टॉवर कूलर मार्च २०२४. ८० चा पंखा मॉसफेटसाठी आहे, फालतू नाही, काढू नये. सिस्टिम फॅन पिन फुल स्पीड. गव्हर्नर स्केडयुटिल, पॉवरसेव्ह लावू नये. आईने विचारलं हे कोणासाठी लिहून राह्यला, म्हटलं माझ्यासाठीच, चार वर्षांनी हा डबा उघडणारा माणूस मला ओळखणार नाही.

राहिलेलं: एकूण अंदाजे साडेनऊ हजार पानं, त्यातली चार हजार झाली. आता वेगाचं रडगाणं संपलं तर ओसीआरच्या चुका दिसायला लागल्या. जुन्या खिळ्यांच्या छपाईतला "ऱ्य" मधला आडवा अर्धा र टेसरॅक्टला डाग वाटतोय, "दऱ्या" चं "दया" आणि "वाऱ्यावर" चं "वायावर" करून ठेवलंय पानोपानी. पुढच्या शनिवारी त्याच्याकडे बघतो.